दातांवरचे नेहमीचे उपचार आणि त्यानंतर घरी घ्यायची काळजी

खालच्या उजव्या बाजूच्या दाढेचे रूट कॅनाल (आतली नस काढून मुळे बंद करण्याचा उपचार) करून घेतल्यावर माझा ठणका थांबला आणि ‘वरची टोपी, म्हणजे कॅप, दिवाळीनंतर पाहू’ असे ठरवून मी दवाखान्याकडे पाठ फिरवली. दिवाळी आली, फराळाच्या पहिल्याच ताटातली चकली त्या दाढेखाली सापडली, ‘कट्’ असा आवाज झाला आणि दाढ उभी चिरली. चीर मुळापर्यंत गेली होती, त्यामुळे दाढ काढावीच लागली. उपचार चोख झाला होता आणि कॅप लवकर बसवा असे मला बजावूनही सांगितले होते. ठणका थांबला म्हणजे काम झाले, हा समज माझा होता. त्यानंतर माझ्या आणि घरातल्यांच्या दातांच्या निमित्ताने जे नीट विचारून घेतले आणि करून पाहिले, ते येथे उपचारानुसार मांडले आहे. तुमच्या दंतवैद्यांनी तुमच्यापुरते काही वेगळे सांगितले असेल, तर अर्थातच त्यांचेच ऐकावे.

दवाखान्यात जाण्यापूर्वी

दात दुखू लागला की घरोघरी तीन गोष्टी हमखास होतात आणि त्या तिन्ही टाळायला हव्यात. पहिली म्हणजे अ‍ॅस्पिरिनची गोळी गालात, दुखणाऱ्या हिरडीला टेकवून ठेवणे. गोळी गिळल्यावर काम करते. हिरडीवर ठेवल्यास तेथील नाजूक त्वचा भाजते आणि पांढरा चट्टा पडून दुखण्यात भर पडते. दुसरी म्हणजे सुजलेला गाल गरम फडक्याने शेकणे. जंतुसंसर्गाने आलेली सूज शेकल्याने वाढू शकते. तिसरी म्हणजे मागच्या वेळच्या पाकिटात उरलेल्या प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या घेणे. दाताच्या आतली सडलेली नस गोळ्यांनी बरी होत नाही. फार तर ठणका काही दिवस दबतो आणि कीड आत काम करत राहते. लवंगेच्या तेलाने थोडा वेळ बधिरपणा येतो हे खरे, पण तेही कापसाच्या बोळ्यावर थेंबभर घेऊन किडलेल्या खड्ड्यापुरतेच लावावे, हिरडीला चोळू नये.

जाताना नेहमीच्या औषधांची यादी किंवा सरळ गोळ्यांची पाकिटेच सोबत न्यावीत. मधुमेह, रक्तदाब, हृदयाची बदललेली झडप, औषधांची अ‍ॅलर्जी आणि गर्भारपण ही माहिती न विचारताही सांगावी. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल कधी इंजेक्शने किंवा गोळ्या घेतल्या असतील तर तेही आवर्जून सांगावे, कारण त्यातील काही औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याचे हाड भरून येण्यास अडचण होऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत. दात काढताना येणारे रक्त थांबवण्याचे उपाय दंतवैद्यांकडे असतात, परंतु गोळी बंद केल्याने हृदयात किंवा मेंदूत गुठळी झाली तर त्याला दातांच्या दवाखान्यात उपाय नाही.

फक्त हिरडीत भूल द्यायची असेल तर उपाशी जाण्याची गरज नसते, उलट व्यवस्थित जेवून जावे. आमच्या आईने संकष्टीच्या दिवशी, निर्जळी उपासात, दाढ काढायला जाण्याचा घाट घातला होता आणि खुर्चीत बसल्या बसल्या तिला घेरी आली. मधुमेहाच्या रुग्णांनी सकाळची वेळ घ्यावी आणि न्याहारी व नेहमीचे औषध चुकवू नये.

खर्चाचा प्रश्न असेल तर दंत महाविद्यालयांची रुग्णालये जरूर लक्षात ठेवावीत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये आणि गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय येथे हे सर्व उपचार होतात. तेथे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ जास्त लागतो आणि खेपाही जास्त होतात, पण शुल्क खासगी दवाखान्याच्या मानाने बरेच कमी असते.

दात साफ करून घेणे

ब्रशने न निघालेला मऊ थर लाळेतील क्षारांमुळे कडक होतो, त्याला कीटण म्हणतात. एकदा कडक झालेले कीटण कोणत्याही पेस्टने किंवा मंजनाने निघत नाही. ते दवाखान्यात यंत्राच्या कंपनांनी किंवा हाताच्या अवजारांनी काढावे लागते. ‘दात साफ केले की हलायला लागतात, विरळ होतात’ हा समज इतका पक्का आहे की त्यापायी माणसे वर्षानुवर्षे हिरड्यांतून रक्त येऊ देतात. होते असे की, कीटणाने हिरडी आणि तिच्याखालचे हाड आधीच मागे सरलेले असते आणि त्या मोकळ्या जागेत कीटणच भरून बसलेले असते. ते काढल्यावर फट दिसू लागते, आणि दोष साफ करणाऱ्याच्या माथी येतो.

साफ केल्यानंतर पहिले काही दिवस गार पाणी झोंबते आणि ब्रशला किंचित रक्त लागते. म्हणून ब्रश बंद करू नये; मऊ ब्रशने हलक्या हाताने चालू ठेवावे. दिवसातून दोन-तीन वेळा कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात, फार गार आणि फार गरम काही दिवस टाळावे. क्लोरहेक्सिडीनचे औषधी पाणी लिहून दिले असेल तर ते सांगितलेल्या दिवसांपुरतेच वापरावे, कारण जास्त दिवस वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात. शिवाय पेस्ट लावल्यावर लगेच त्याने चूळ भरल्यास त्याचा गुण कमी होतो, म्हणून मध्ये अर्धा तास जाऊ द्यावा.

दात भरणे

पूर्वी ज्याला ‘चांदी भरणे’ म्हणत ते धातूचे भरण आता मागे पडत चालले असून बहुतेक ठिकाणी दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट (राळेसारखा भरण्याचा पदार्थ) किंवा सिमेंट भरतात. कोणते साहित्य भरले हे विचारून घ्यावे, कारण खाण्याचे पथ्य त्यावर अवलंबून असते. निळ्या प्रकाशाने कडक केलेले कॉम्पोझिट जागेवरच पक्के होते, त्यामुळे भूल उतरल्यावर खाण्यास हरकत नसते. चांदी किंवा ग्लास आयोनोमर सिमेंट भरले असेल तर ते पूर्ण पक्के होण्यास सुमारे २४ तास लागतात. तेवढा वेळ त्या बाजूने कडक वस्तू चावू नये.

भुलेचा बधिरपणा दोन ते चार तास, क्वचित जास्तही राहतो. या वेळात गरम चहा पिऊ नये, कारण ओठ पोळल्याचे कळत नाही. लहान मुलांच्या बाबतीत अधिक जपावे: बधिर ओठ गंमत म्हणून चावत राहिल्याने संध्याकाळपर्यंत ओठ टम्म सुजतो आणि आईवडिलांना वाटते की दाताचेच काही बिघडले.

भूल उतरल्यावर एक गोष्ट ध्यानात येते, जी खुर्चीत कळलेली नसते. दातावर दात टेकवताना भरलेला दात इतरांच्या आधी लागत असेल, जणू दातात खडा आला आहे असे वाटत असेल, तर ‘सवय होईल’ म्हणून थांबू नये. ती उंची घासून कमी करणे पाच मिनिटांचे काम असते. तशीच ठेवली तर दाताच्या मुळाभोवती ठुसठुस सुरू होते. गार पाण्याची हलकी शिणशिण मात्र खोल भरलेल्या दातात काही आठवडेही राहू शकते आणि हळूहळू कमी होते. ती वाढत गेली, गरम पदार्थाने कळ येऊन रेंगाळू लागली किंवा रात्री झोपेतून उठवू लागली, तर नसेपर्यंत इजा पोहोचली आहे असे समजून पुन्हा दाखवावे.

रूट कॅनाल आणि कॅप

कीड नसेपर्यंत गेली की बहुतेक वेळा दात काढणे किंवा रूट कॅनाल करणे हे दोनच मार्ग उरतात. यात दातामधील मेलेली किंवा सुजलेली नस काढून मुळांतील नलिका औषधी द्रावणाने धुतात, एक्स-रेने लांबी तपासतात आणि त्या नलिका गटा-पर्चा या रबरासारख्या पदार्थाने बंद करतात. हा पदार्थ मूळचा मलाया भागातील झाडांच्या चिकापासून मिळणारा. पुढच्या दाताला बहुधा एकच नलिका असते, दाढेला तीन किंवा चार, म्हणून दाढेला वेळ आणि पैसा दोन्ही जास्त लागतात.

दोन बैठकांच्या मधल्या काळात दातावर तात्पुरते सिमेंट असते. त्या बाजूने चावू नये, चिक्की, चॉकलेट, च्युइंगगम असे चिकट काही खाऊ नये. सिमेंटचा वरचा पापुद्रा झिजला तर काळजी नाही. पण सबंध तुकडा निघून खड्डा जिभेला लागू लागला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखान्यात कळवावे, कारण त्या वाटेने लाळ आणि जंतू पुन्हा नलिकांत शिरतात आणि झालेले काम वाया जाते. ठणका थांबला म्हणून मधली बैठक चुकवणे हे तर त्याहून वाईट.

प्रत्येक बैठकीनंतर दोन-तीन दिवस चावताना दात हुळहुळणे स्वाभाविक आहे. नस काढल्यावरही दुखते कसे, असा प्रश्न पडतो. दुखणे दातातले नसून मुळाभोवतीच्या हाडातले आणि तंतूंतले असते. लिहून दिलेली वेदनाशामक गोळी, ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांनी काही खाऊन, वेळेवर घ्यावी. दुखणे दिवसागणिक उतरले पाहिजे. ते चढत गेले, गाल सुजला किंवा हिरडीवर पुवाची पुळी आली, तर लगेच दाखवावे.

आता माझी चूक झाली तो टप्पा. किडीने आणि नलिकांपर्यंत पोहोचण्यासाठी केलेल्या छिद्राने दाढेचा मधला बराच भाग गेलेला असतो, उरतात त्या कडेच्या पातळ भिंती. चावताना दाढेवर पडणारा जोर त्या भिंतींना बाहेर फाकवतो आणि एखाद्या दिवशी त्या चिरतात. कॅप या भिंतींना सगळीकडून कवटाळून धरते, जशी फुटू पाहणाऱ्या लाकडी पिंपाला लोखंडी पट्टी धरून ठेवते. समोरच्या दाताला, फारसा भाग गेलेला नसेल तर, कधी कधी केवळ भरण पुरते. दाढेला मात्र कॅप बहुतेक वेळा लागतेच, आणि ती किती दिवसांत बसवायची याची तारीख रूट कॅनालच्या शेवटच्या बैठकीतच ठरवून घ्यावी. दरम्यान त्या दाढेखाली भाजलेले शेंगदाणे, चकली, कडक लाडू आणि हाडे येऊ देऊ नयेत.

कॅप धातूची, धातूवर पोर्सेलीन (चिनी माती) चढवलेली किंवा झिर्कोनियाची (दाताच्या रंगाच्या मजबूत सिरॅमिकची) असते. दिसण्याचा प्रश्न नसलेल्या मागच्या दाढेला साध्या धातूची कॅपही उत्तम काम देते, हे मुद्दाम सांगतो, कारण दवाखान्यात महागड्या पर्यायापुढे हे विचारायला माणूस संकोचतो. कॅपला कीड लागत नाही, पण कॅपची कड जेथे हिरडीपाशी संपते तेथे खालचा दात तुमचाच असतो आणि कीड तेथूनच शिरते. त्या कडेवर ब्रश आणि दोन दातांमध्ये दातांचा धागा (फ्लॉस) रोज फिरायला हवा. कॅप निघून हातात आली तर ती धुऊन डबीत ठेवावी आणि एक-दोन दिवसांत दवाखान्यात न्यावी. बहुतेकदा तीच पुन्हा बसवता येते. घरातल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने ती स्वतः चिकटवू नये. हसण्यावारी नेऊ नका, आमच्या घरात हे एकाने केले आहे.

दाढ काढल्यानंतर: तासांच्या हिशेबाने

दाढ काढल्यावर उरलेल्या खळग्यात रक्ताची गुठळी जमते. ही गुठळी म्हणजे उघड्या हाडावरचे पांघरूण असून तिच्या आधारानेच जखम भरत येते. पुढची सारी पथ्ये ती गुठळी जागेवर राहावी एवढ्यासाठीच आहेत, हे समजले की ती लक्षात ठेवावी लागत नाहीत.

पहिला पाऊण तास गॉझचा बोळा जखमेवर दाताने घट्ट दाबून धरावा. तो सारखा काढून ‘अजून रक्त येते का’ हे पाहू नये, बोलणेही टाळावे. लाळ साचली तर गिळावी. रक्तमिश्रित लाळ गिळण्याची किळस वाटते, पण थुंकण्याने तोंडात निर्माण होणारी ओढ गुठळी उपसून काढते. याच कारणाने पहिले २४ तास चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही प्यायचे नाही आणि जोरात नाक शिंकरायचे नाही. भूल पूर्ण उतरण्यापूर्वीच वेदनाशामक गोळीचा पहिला डोस घ्यावा, म्हणजे कळ डोके वर काढत नाही.

पहिल्या दिवशी गालावर बाहेरून, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवून तितकाच वेळ काढावा, असे आलटून पालटून करावे. खाण्यात गार आणि मऊ पदार्थ असावेत: दहीभात, ताकभात, गार केलेली पेज, केळे, आइस्क्रीम. झोपताना डोक्याखाली एक उशी जास्त घ्यावी. उशीवर लाळेबरोबर फिकट लाल डाग पडले तर घाबरू नये. लाळेत मिसळलेले थेंबभर रक्तही पुष्कळ दिसते. मात्र तोंड रक्ताने भरत असेल तर स्वच्छ गॉझ किंवा सुती फडक्याची घडी ओली करून पुन्हा अर्धा तास न सोडता दाबावी, आणि तरीही थांबले नाही तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करावा किंवा रुग्णालय गाठावे.

दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर चूळ भरावी, पण ती खळखळवू नये: पाणी तोंडात घ्यावे, मान हळूच दोन्ही बाजूंना कलवावी आणि तोंड उघडून पाणी पडू द्यावे. बाकीच्या दातांना नेहमीप्रमाणे ब्रश करावा, जखम तेवढी चुकवावी. खिचडी, मऊ भात, वरणात कुस्करलेली पोळी चालते. तीळ, कुरमुरे, शेव, चिवडा आठवडाभर दूर ठेवावे. संक्रांतीच्या सुमारास दाढ काढलेल्या माणसाच्या खळग्यात तिळाचा एक दाणा अडकला की तो काय हाल करतो, हे विचारू नये. अक्कलदाढ हिरडी कापून काढली असेल तर सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि जबडा पूर्ण उघडत नाही. हे काही दिवसांत ओसरते. टाके विरघळणारे नसतील तर साधारण आठवड्याने काढतात.

तंबाखू, विडी-सिगारेट, मिश्री आणि मद्य यांचे पथ्य सर्वांत जास्त मोडले जाते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण मिश्रीची तपकिरीसारखी चिमूट हिरडीवर घासण्याची सवय, विशेषतः गावाकडच्या बायकांमध्ये, दात घासण्याच्या नावाखाली चालूच असते आणि घरचे तिला व्यसनात धरत नाहीत. मिश्री म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूच होय. ती ताज्या जखमेला लागली तर जखम भरणे लांबते आणि गुठळी निघून जाण्याचा धोका वाढतो.

गुठळी निघून गेल्यास जे होते त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. त्याची खूण अशी: दोन दिवस बरे वाटते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी तीव्र कळ सुरू होते, तोंडाला वाईट वास येतो, खळगा रिकामा दिसतो. गोळ्यांनी ही कळ नीट थांबत नाही. दवाखान्यात खळगा धुऊन औषधी पट्टी भरली की तासाभरात आराम पडतो. म्हणून सोसत बसण्यात अर्थ नाही.

जबड्याखाली किंवा गळ्याकडे पसरणारी सूज, ताप, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, जीभ वर उचलल्यासारखी वाटणे, ही लक्षणे दिसल्यास दातांच्या दवाखान्याच्या वेळेची वाट पाहू नये, थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. वरची दाढ काढल्याने डोळे अधू होतात, ही भीती मात्र निराधार आहे. दाताची नस आणि दृष्टीची नस वेगवेगळ्या आहेत.

कवळी

कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी, म्हणजे हिरड्यांना विसावा मिळतो आणि कवळी सुकून वाकडी होत नाही. ती पेस्टने घासू नये, चरे पडतात. साधा साबण आणि मऊ ब्रश पुरतो. उकळते पाणी वापरू नये. धुताना बेसिनमध्ये पाणी साठवून किंवा टॉवेल अंथरून मगच हातात घ्यावी. आईची पहिली कवळी साबणाच्या हातातून निसटून बेसिनवर आपटली आणि तिचे दोन तुकडे झाले. नवी कवळी पहिल्या आठवड्यात टोचतेच. टोचणारी जागा घरी कानशीने घासण्यापेक्षा, जेथे व्रण पडला आहे ती दवाखान्यात दाखवून तेवढीच कमी करून घ्यावी.

रोजची निगा

उपचार झालेल्या तोंडात तेच जंतू, तोच गोड चहा आणि तोच ब्रश असतो. तोंडातील पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) ५.५ च्या खाली उतरला की दातावरचे कवच विरघळू लागते, आणि काही गोड खाल्ल्यावर लाळेला ते सावरून घ्यायला अर्धा तास तरी लागतो. म्हणून एका वेळी दोन लाडू खाणाऱ्यापेक्षा, दिवसभरात आठ वेळा साखरेचा चहा घोटघोट पिणाऱ्याच्या दातांचे नुकसान जास्त होते. कोकम किंवा लिंबू सरबतानंतर लगेच ब्रश करू नये. पाण्याने चूळ भरून अर्धा तास थांबावे.

ब्रश दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे, आणि त्यातला रात्रीचा चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी होते. मऊ केसांचा ब्रश हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर तिरका धरून लहान हालचालींनी फिरवावा. आडवे, जोर लावून घासल्याने दाताच्या मुळाशी खाचा पडतात. फ्लोराइड असलेली पेस्ट घ्यावी, भारतात तिच्यात १००० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइड असते. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरते. फेस थुंकावा आणि मग खळखळून चुळा भरू नयेत, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकते. ही सवय लागायला मला महिनाभर गेला. मुलाला सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे येणारी दाढ, दुधाचा कोणताही दात न पडता, गुपचूप येते. ती कायमची असते, पण ‘दुधाचीच आहे, पडेल’ म्हणून तिची कीड दुर्लक्षित राहते.

महिन्यातून एकदा आरशासमोर उभे राहून ओठ, गालांच्या आतल्या बाजू आणि जिभेच्या कडा पाहाव्यात. तंबाखू, सुपारी किंवा मिश्रीची सवय असलेल्यांनी तर नक्कीच. पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडणे, किंवा दोन आठवड्यांत न भरलेला व्रण दिसला तर, तो दुखत नसला तरी, त्याच आठवड्यात दंतवैद्यांना दाखवावा.